ट्रिमचा इशारा आला आणि ऑटोपायलट चालूच आहे: पहिल्या मिनिटात काय करावे?

प्रश्न: कृष्णाकाठ, सांगली

सर्वांना नमस्कार. माझे व्यावसायिक वैमानिकाचे लायसन्स झाले असून एका मध्यम आकाराच्या बिझनेस जेटच्या टाइप रेटिंगची (त्या विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याच्या पात्रतेची) तयारी मी सध्या सांगलीला घरी राहून करते आहे. हायड्रॉलिक, इलेक्ट्रिकल, प्रेशरायझेशन ही प्रकरणे वाचून झाली की त्यांचा एक आराखडा डोक्यात बसतो. फ्लाइट कंट्रोलच्या बिघाडांचे मात्र तसे होत नाही. ट्रिम (कंट्रोलवरचा सततचा भार उतरवून विमान समतोल ठेवणारी यंत्रणा) आपोआप पळत सुटणे, ट्रिम बंद पडणे, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा पृष्ठभाग) किंवा ऐलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलते करणारा पंखावरचा पृष्ठभाग) अडकणे, फ्लॅप (कमी वेगात जास्त उचल मिळावी म्हणून पंखांच्या मागून उतरणाऱ्या झडपा) एकाच बाजूला उतरणे, या प्रत्येकाची चेकलिस्ट वेगळी आहे आणि ती पाठही करता येते. पण चेकलिस्टचे पान उघडण्याआधीच्या पंधरा-वीस सेकंदांत वैमानिकाने काय करायचे असते, हे पुस्तकावरून नीट उमगत नाही.

एका विशिष्ट प्रसंगाबद्दल विचारते. विमान ऑटोपायलटवर व्यवस्थित चढते आहे आणि पडद्यावर दोन संदेश येतात: ऑटोपायलटची स्टॅबिलायझर ट्रिम बंद पडली आहे, आणि ऑटोपायलट नाक खाली दाबून धरतो आहे. समजा, चेकलिस्टने सुरुवातीलाच ट्रिमचा स्विच बंद करायला सांगितले आहे आणि तो बंद केला की ऑटोपायलटही सुटतो. अशा वेळी ऑटोपायलट आपणच आधी सोडावा, की चेकलिस्ट सांगते त्याच क्रमाने जावे? कराडला शिकताना लहान विमानात केबलचा ताण थेट हाताला कळत असे. येथे हात आणि एलिव्हेटर यांच्यामध्ये यंत्र बसलेले आहे, त्यामुळे ते किती जोर लावते आहे हे कळायला मार्ग नाही.

शिवाय मागे प्रवासी असतात. चार्टरच्या विमानात ते पुष्कळदा बेल्ट काढून, खुर्ची वळवून बोलत बसलेले असतात. त्यांचा विचार या क्रमात कोठे येतो? जाणकारांनी सविस्तर सांगितले तर फार मदत होईल.

उत्तर: अजिंक्यतारा, सातारा

ताई, आपण विचारलेला प्रसंग काल्पनिक नाही. जवळजवळ जसाच्या तसा घडलेला आहे, आणि त्यात एका प्रवाशाचा जीव गेला आहे. मी निवृत्तीपर्यंत बिझनेस जेटवरच होतो, म्हणून या विषयावर थोडे विस्ताराने लिहितो.

आधी यंत्र काय करते ते पाहू. शेपटीवरचा आडवा स्टॅबिलायझर हा मोठा पृष्ठभाग, आणि त्याच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारा एलिव्हेटर हा त्या मानाने लहान. ऑटोपायलटला नाक वर-खाली करायचे असते तेव्हा तो आपल्या सर्व्हो मोटरने एलिव्हेटर हलवतो. तो जोर काही वेळ तसाच लावावा लागतो आहे असे दिसले की तो स्टॅबिलायझरची ट्रिम थोडी फिरवून घेतो, म्हणजे एलिव्हेटरवरचा भार उतरतो आणि सर्व्हो मोकळा होतो. वेग वाढतो, इंधन जळते, फ्लॅप आत जातात, तसतसे हे सतत चालू असते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. आता ट्रिम बंद पडली की भार उतरवण्याचा मार्गच बंद होतो. सर्व्हो एकट्याने एलिव्हेटर दाबून धरतो, वेग वाढेल तसा अधिक दाबतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला विमान अगदी शांत दिसते.

म्हणून ‘ऑटोपायलट नाक खाली दाबून धरतो आहे’ या संदेशाचा वैमानिकाने घ्यायचा अर्थ एकच: हा सुटला की नाक वर उसळणार. दिशा संदेशातच दिलेली आहे. किती जोराने उसळेल ते मात्र दिलेले नाही, आणि तेथेच सावध राहायचे असते.

३ मार्च २०२३ रोजी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधील कीन येथून व्हर्जिनियातील लीसबर्गकडे निघालेल्या एका चॅलेंजर ३०० विमानात हेच झाले. चढताना ऑटोपायलटच्या ट्रिमचे संदेश आले, त्यात नाक खाली धरल्याचाही संदेश होता. वैमानिकांनी स्टॅबिलायझर ट्रिमची चेकलिस्ट काढली आणि तिच्यात सांगितल्याप्रमाणे ट्रिमचा स्विच बंद केला. त्याच क्षणी ऑटोपायलट सुटला आणि नाक झटक्याने वर गेले. फ्लाइट डेटा रेकॉर्डरवर सुमारे ३.८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ३.८ पट) इतका ऊर्ध्व झटका नोंदला गेला. त्यापाठोपाठ विमान खाली कोसळल्यासारखे झाले आणि पुन्हा वर आले. काही सेकंदांत वैमानिकांनी विमान आवरले, पण केबिनमधील एक प्रवासी प्राणघातक जखमी झाला होता. विमान कनेक्टिकटमधील विंडसर लॉक्स येथे वळवण्यात आले.

या घटनेवरून आपल्या प्रश्नाचे उत्तर असे निघते की ऑटोपायलट आधी की स्विच आधी, हा वाद दुय्यम आहे. ऑटोपायलट कोणत्याही मार्गाने सुटणार हे ठरलेलेच आहे. चेकलिस्टने सोडला नाही तर सर्व्होची ताकद संपल्यावर तो स्वतःहून सुटेल, आणि तेही आपल्याला न विचारता. त्याआधी दोन गोष्टी झालेल्या असल्या पाहिजेत: मागच्या सगळ्यांचे बेल्ट घट्ट बसलेले, आणि उडवणाऱ्या वैमानिकाचे दोन्ही हात कंट्रोलवर. एक हात कंट्रोलवर आणि दुसरा स्विचकडे, ही स्थिती टाळावी. स्विच दुसऱ्या वैमानिकाने हलवायचा, तोही उडवणाऱ्याने ‘तयार आहे’ असे म्हटल्यावर. आपला स्वतःचा पट्टाही आवळून घ्यावा. खांद्याचा पट्टा सैल असेल तर उणे जीमध्ये, म्हणजे विमान झटक्याने खाली जाताना, माणूस आसनावरून उचलला जातो आणि हाताची पकड राहत नाही.

मी क्रम असा धरत असे. पहिल्यांदा विमान ऑटोपायलटवर स्थिर आहे ना ते पाहायचे आणि वेग वाढू द्यायचा नाही, कारण ट्रिम चुकलेली असताना हातावर येणारा जोर ढोबळमानाने वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. दोनशे नॉटला जेवढा भार येईल, तीनशे नॉटला त्याच्या सव्वादोन पट येईल. चढण चालू असेल तर नियंत्रण कक्षाला सांगून मधल्याच उंचीवर सपाट व्हावे. दरम्यान बेल्टचा दिवा लावून प्रवाशांना स्पष्ट शब्दांत सांगावे. नुसत्या दिव्यावर भिस्त ठेवू नये. ‘कृपया आत्ता लगेच बसा, बेल्ट आवळा, हातातील वस्तू खाली ठेवा’ एवढे बोलायला सात-आठ सेकंद पुरतात. मग चेकलिस्ट. मग दोन्ही हातांनी कंट्रोल धरून, नाक कोणत्या बाजूला जाणार हे एकमेकांना मोठ्याने सांगून, ऑटोपायलट सोडणे.

सुटल्यानंतर जो जोर हातावर येईल त्याला एकदम उलटा धक्का देऊ नये. नाक हळूहळू क्षितिजावर आणावे आणि तेथे धरून ठेवावे. ही गोष्ट लिहायला सोपी आहे पण हाताला शिकवावी लागते. १४ सप्टेंबर १९९९ रोजी ग्रीस सरकारचे फाल्कन ९०० बी विमान अथेन्सहून बुखारेस्टला उतरत असताना याच्याच उलट घडले. त्या विमानात कंट्रोलला योग्य तो जडपणा देणारी यंत्रणा बिघडलेली होती आणि ‘पिच फील’चा इशारा लागलेला होता. म्हणजे वेग जास्त असूनही कंट्रोल हाताला हलका लागत होता. ऑटोपायलट चालू असतानाच कंट्रोलवर जोर लावला गेला, ऑटोपायलट सुटला, आणि त्यानंतर प्रत्येक दुरुस्ती थोडी जास्त आणि थोडी उशिरा होत गेल्याने विमान वीस-पंचवीस सेकंद जोरजोराने वर-खाली हेलकावे खात राहिले. बेल्ट न लावलेले प्रवासी छतावर आणि आसनांवर आदळले. सात जणांचा मृत्यू झाला, त्यांत ग्रीसचे उपपरराष्ट्रमंत्री यानोस क्रानिडिओटिस होते. विमान मात्र बुखारेस्टला धडपणे उतरले. यंत्र उतरण्याच्या स्थितीत आहे आणि आतली माणसे दगावली आहेत, असे या दोन्ही घटनांत झाले. म्हणून बेल्टचा विषय मी चेकलिस्टच्या आधी ठेवतो.

उत्तर: शाहूनगर

कॅप्टन साहेबांचा अनुभव मोठा आहे, तरी एका मुद्द्यावर नम्रपणे असहमती नोंदवतो. स्टॅबिलायझर स्वतःहून पळत सुटला असेल, तर बेल्टचा दिवा, घोषणा आणि चेकलिस्ट यांना वेळच नसतो. मे २०११ मध्ये क्वालालंपूरजवळ सुबांगला उतरत असलेल्या फाल्कन ७ एक्स विमानाचा स्टॅबिलायझर आपोआप नाक-वर दिशेने गेला. नाक चाळीस अंशांच्या आसपास वर गेले, विमान सुमारे तेरा हजार फुटांवरून बावीस हजारांच्या वर पोहोचले, आणि हा सगळा प्रकार साधारण अडीच मिनिटे चालला. वैमानिकाने कंट्रोल पुढे दाबूनही नाक खाली येईना, तेव्हा त्याने विमान कडेवर कलंडवले. कल नव्वद अंशांच्याही पुढे गेला. पंखांची उचल बाजूला वळल्यामुळे नाक खाली आले आणि स्टॉल (वेग फार घटून पंखांची उचल नाहीशी होणे) टळला. तेथे पहिल्या काही सेकंदांत हातानेच काम केले, चेकलिस्टने नव्हे. प्रशिक्षणार्थ्याला ‘आधी सूचना द्या’ असे शिकवले तर अशा प्रसंगी त्याचा घात होईल, अशी मला भीती वाटते.

उत्तर: अजिंक्यतारा, सातारा

आपला आक्षेप रास्त आहे, आणि त्यामुळे मला माझे म्हणणे अधिक नेमके करता येईल. हे दोन वेगळे प्रसंग आहेत आणि त्यांची ओळख पटवणे हेच पहिल्या दोन-तीन सेकंदांचे काम आहे. ट्रिमचा काटा हलतो आहे का? एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा.

काटा हलत असेल आणि आपण हलवत नसू, तर ट्रिम पळते आहे. त्या वेळी कंट्रोल घट्ट धरून त्यावरचे लाल बटण दाबायचे आणि दाबूनच ठेवायचे. बहुतेक बिझनेस जेटमध्ये ते बटण ऑटोपायलट सोडते आणि दाबलेले असेपर्यंत ट्रिमची मोटरही थांबवते. बोट काढले की मोटर पुन्हा धावू शकते, म्हणून दुसऱ्या वैमानिकाने ट्रिमचा मुख्य स्विच बंद केल्याखेरीज बोट उचलू नये. हे पाठ असलेच पाहिजे. यात कागद उघडायला वाव नाही. काटा स्थिर असेल आणि ऑटोपायलट भार वाहत असेल, तर मात्र आपल्याकडे वेळ आहे, आणि तो वेळ बेल्टसाठी व हात जागेवर आणण्यासाठी वापरायचा आहे. दुसऱ्या प्रसंगात पहिल्याची घाई करणे हे पहिल्या प्रसंगात दुसऱ्याचा संथपणा दाखवण्याइतकेच धोक्याचे आहे.

कलंडण्याबद्दल आपण लिहिलेत ते फार मोलाचे आहे. नाक वर जात असेल आणि कंट्रोल पूर्ण पुढे दाबूनही आवरत नसेल, तर पंख कलते करून उचल बाजूला वळवणे हा खरा उपाय आहे. ताईंनी सिम्युलेटरमध्ये प्रशिक्षकांना विनंती करून तो एकदा तरी करून पाहावा. इंजिनांच्या बाबतीतही एक भेद ध्यानात ठेवावा. प्रवासी विमानांत इंजिने पंखाखाली असतात, तेथे जोर वाढवला की नाक वर जाऊ पाहते. बहुतेक बिझनेस जेटमध्ये ती शेपटीजवळ, गुरुत्वमध्याच्या वरच्या बाजूला बसवलेली असतात, त्यामुळे जोर वाढवल्याचा तात्काळ परिणाम थोडे नाक खाली नेण्याकडे असतो आणि जोर काढल्याचा थोडे वर. परिणाम लहान असतो, पण एलिव्हेटर अपुरा पडत असताना तोही कामाला येतो. मोठ्या विमानाच्या पुस्तकातला नियम येथे तसाच लावला तर उलट होईल.

उत्तर: पलूसचा अभियंता

मी वैमानिक नाही. विमान देखभाल अभियंता म्हणून नोकरी केली आणि आता गावी स्थायिक आहे. वर उल्लेख केलेल्या घटनांची जमिनीवरची बाजू मांडतो, कारण फ्लाइट कंट्रोलचे बरेच बिघाड उड्डाणाआधीच विमानात येऊन बसलेले असतात.

फाल्कन ७ एक्सचे मूळ कारण स्टॅबिलायझर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक युनिटमधील एका पिनेच्या सदोष सोल्डरिंगमध्ये सापडले. विमान अत्याधुनिक, संपूर्ण फ्लाय-बाय-वायर (कंट्रोलचे हुकूम विजेच्या संकेतांनी पोहोचवणारे), आणि कारण टाचणीच्या डोक्याएवढ्या सांध्यात. त्या घटनेनंतर जगभरातील सगळी ७ एक्स विमाने काही काळ जमिनीवर ठेवण्यात आली होती. असा दोष वैमानिकाला पाहणीत दिसणे शक्य नाही. त्यासाठी बनावटीतच दोन स्वतंत्र मार्ग आणि एकमेकांवर लक्ष ठेवणारी व्यवस्था असावी लागते.

पण दिसण्यासारखे दोषही असतात. कॅप्टन साहेबांनी सांगितलेल्या २०२३ च्या उड्डाणात पहिला टेक-ऑफ सोडून द्यावा लागला होता, कारण उजव्या बाजूच्या पिटो नळीवरचे (हवेच्या दाबावरून वेग मोजणाऱ्या नळीवरचे) झाकण काढलेले नव्हते आणि त्या बाजूचा वेग दिसत नव्हता. झाकण काढल्यावर रडर लिमिटर (शेपटीवरचे उभे सुकाणू किती वळावे याला मर्यादा घालणारी यंत्रणा) नादुरुस्त असल्याचा संदेश आला, आणि तो असतानाच विमान उडाले. जमिनीवरचा संदेश ‘सल्लावजा’ रंगात असला तरी तो घेऊन उडण्याची परवानगी आहे का, हे पुस्तकात पाहून ठरवायचे असते. रंगावरून ठरवायचे नसते. वैमानिकांना उशीर होत असतो, मालक गाडीतून उतरून विमानाकडे चालत आलेला असतो, हे मी पाहिले आहे. त्या दडपणात ‘हवेत गेल्यावर जाईल’ असे म्हणणारा माणूस चांगला वैमानिक असला तरी त्या दिवसापुरता चुकीचा असतो.

सगळ्यात वेदनादायक उदाहरण ३१ मे २०१४ चे आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्ड येथे गल्फस्ट्रीम जी-४ विमान गस्ट लॉक न काढताच टेक-ऑफसाठी धावले. गस्ट लॉक म्हणजे विमान उभे असताना वाऱ्याने एलिव्हेटर, ऐलेरॉन आणि रडर आपटू नयेत म्हणून ते जागच्या जागी अडकवून ठेवणारी कडी. विमान उचलेना, उशिरा थांबवण्याचा प्रयत्न झाला, आणि धावपट्टी ओलांडून ते नाल्यात जाऊन पेटले. आतील सातही जण गेले. चौकशीत त्या विमानाच्या आधीच्या १७५ टेक-ऑफची नोंद तपासली, तेव्हा त्यांपैकी केवळ दोन वेळा कंट्रोलची तपासणी पूर्ण केलेली आढळली.

म्हणून ताईंना आग्रहाने सांगतो. कंट्रोल चेक म्हणजे कंट्रोल थोडा इकडे-तिकडे हलवणे नव्हे. तो टोकापर्यंत न्यायचा, टोकाला क्षणभर थांबायचे, आणि पडद्यावरच्या चित्रात किंवा खिडकीतून दिसत असेल तर प्रत्यक्ष पृष्ठभागावर नजर ठेवायची: डावीकडे वळवला तर डावा ऐलेरॉन वर, उजवा खाली. देखभालीनंतरच्या पहिल्या उड्डाणाआधी तर खाली एक माणूस उभा करून त्याच्याकडून मोठ्याने दिशा बोलवून घ्यावी. केबल जोडताना उलटी जोडली गेली तर कंट्रोल अगदी मोकळा हलतो, कोठे अडखळत नाही. दिशा पाहिली तरच ते कळते.

कंट्रोल हवेत अडकल्यास काय, हेही थोडक्यात लिहितो. चॅलेंजर ६०० मालिकेसारख्या विमानांत पिच (नाक वर-खाली) आणि रोल (डावी-उजवीकडे कलणे) यांच्यासाठी वेगवेगळे डिस्कनेक्ट हँडल असते. ते ओढले की डाव्या आणि उजव्या वैमानिकाचे कंट्रोल एकमेकांपासून सुटे होतात, आणि ज्याच्या बाजूची साखळी मोकळी आहे त्याच्या हाती विमान राहते. ताबा निम्मा होतो, प्रतिसाद संथ होतो, पण विमान उडते. हँडलला हात घालण्यापूर्वी ऑटोपायलट खरोखर सुटला आहे ना याची खात्री करावी, कारण सर्व्होने धरून ठेवलेला कंट्रोलही हाताला अडकल्यासारखाच लागतो. पावसात उभ्या राहिलेल्या विमानात पाणी शिरून ते उंचावर गोठणे, हेही जॅम होण्याचे एक जुने कारण आहे. अशा वेळी खालच्या उबदार हवेत आल्यावर कंट्रोल पुन्हा मोकळा होऊ शकतो.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर: कृष्णाकाठ, सांगली

आपणा सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. ‘काटा हलतो आहे का’ हा प्रश्न मी चेकलिस्टच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवला आहे.

आता पुढचा भाग विचारते. समजा बेंगळुरूहून मुंबईला जाताना साताऱ्याच्या आसपास हा बिघाड झाला, विमान हातात आले, पण ट्रिम बंदच आहे आणि कंट्रोल सतत दाबून धरावा लागतो आहे. जवळात जवळची धावपट्टी गाठावी का? आणि बंद पडलेली ट्रिम पुन्हा चालू होते का, हे एकदा करून पाहण्यात गैर काय आहे?

उत्तर: वाईकर

मी सिम्युलेटरवर शिकवतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. चेकलिस्टने सांगितले असेल तेवढेच करून पाहावे, एक पाऊलही जास्त नाही. ३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सच्या २६१ क्रमांकाच्या उड्डाणात, ते प्रवासी विमान होते तरी यंत्रणा तीच, स्टॅबिलायझर अडकला होता. ज्या स्क्रूवर तो वर-खाली होतो त्याच्या नटाचे आटे वंगणाअभावी झिजून गेलेले होते. वैमानिकांनी ट्रिमच्या मोटरी पुन्हा पुन्हा चालवून पाहिल्या. अखेर तो सांधाच सुटला आणि विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. ८८ जण मृत्यू पावले. अडकलेल्या स्थितीत ते विमान बराच वेळ उडत होते, हे विसरता येत नाही. जो बिघाड स्थिर झाला आहे आणि ज्याच्यासह विमान आवरता येते आहे, त्याला तसाच राहू द्यावा. हवेत आपण दुरुस्ती करणारे नसतो.

आता धावपट्टी. साताऱ्यावर असताना नकाशात कराड सगळ्यात जवळ दिसेल, पण तेथील धावपट्टी जेमतेम १,२८० मीटर आहे. कंट्रोलचा बिघाड असलेले जेट नेहमीपेक्षा जास्त वेगाने आणि पुष्कळदा कमी फ्लॅपवर उतरवावे लागते. अंतर किती वाढते ते आपल्या विमानाच्या तक्त्यातून गुणकासह काढावे लागते, आणि ते निघाल्यावर कराडचा विचार आपोआप बाजूला पडतो. पुण्याला लोहगावची धावपट्टी अडीच किलोमीटरच्या वर आहे, हवाई दलाचा तळ असल्यामुळे अग्निशमनाची तयारी आहे. मुंबईची धावपट्टी याहून लांब आहे. विमान स्थिर असेल आणि इंधन पुरेसे असेल तर मी दहा-पंधरा मिनिटे जास्त उडून लांब, सरळ आणि वाऱ्याच्या समोरची धावपट्टी निवडेन. आडवा वारा मात्र टाळेन. ऐलेरॉन किंवा रडर अर्धवट चालत असताना आडव्या वाऱ्याशी झुंजण्याची ती वेळ नव्हे. आग, धूर किंवा बिघाड वाढत जाण्याची चिन्हे असतील तर हा हिशेब बदलतो आणि लवकर उतरणे हेच पहिले काम ठरते.

उतरण्याआधी नियंत्रणाची चाचणी करावी, आणि ती उंचावर करावी. सह्याद्रीची शिखरे या भागात चौदाशे मीटरच्या घरात जातात, म्हणून जमिनीपासून दहा हजार फूट तरी वर राहून, शक्य तर डोंगररांगेच्या पूर्वेला, मोकळ्या हवेत ती घ्यावी. फ्लॅप एकेक टप्पा, प्रत्येक टप्प्यानंतर थांबून विमान कसे वागते ते पाहावे, मग चाके, मग वेग पाच-पाच नॉटने कमी करत उतरण्याच्या वेगाकडे न्यावा. कंट्रोल कोठे टोकाला जाऊ लागला, किंवा विमान एका बाजूला ओढू लागले, की त्या वेगाच्या वरच्या सुरक्षित वेगावर परत यावे आणि तोच आपला उतरण्याचा वेग धरावा. यानंतर फ्लॅप वा चाकांत धावपट्टीपर्यंत काहीही बदल करू नये. ‘आता पोहोचलोच, आणखी एक टप्पा फ्लॅप घेऊ’ हा मोह सिम्युलेटरमध्ये चांगल्या चांगल्यांना होतो, आणि नेमका तो टप्पा चाचणीत पाहिलेला नसतो.

हात दमतात, याचा कोणी विचार करत नाही. वीस-पंचवीस मिनिटे कंट्रोल दाबून धरल्यावर दंड थरथरू लागतात आणि नेमके धावपट्टीजवळ बारीक काम करता येत नाही. दोघांनी पाळीपाळीने धरावे, बदल करताना ‘माझ्याकडे’, ‘तुमच्याकडे’ असे स्पष्ट म्हणावे, आणि शेवटच्या टप्प्यासाठी उतरवणाऱ्याचे हात ताजे ठेवावेत. नियंत्रण कक्षाशी बोलतानाही संकोच नको. मेडे म्हणून मोकळेपणाने मदत मागावी, ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख पाठवणाऱ्या यंत्रावर) ७७०० हा आणीबाणीचा संकेतांक लावावा, आणि ‘कंट्रोलचा बिघाड आहे, लांब सरळ अप्रोच हवा, तीव्र वळणे देऊ नका’ हे नेमक्या शब्दांत सांगावे. आपल्याला काय हवे हे समोरच्याला कळले तर तो बाकीची वाहतूक बाजूला करून देतो.

उत्तर: पलूसचा अभियंता

वाईकर सरांनी विमान खाली आणले आहे, तर त्यापुढचे दोन शब्द माझे. थांबल्यावर ट्रिमचे स्विच, सर्किट ब्रेकर, फ्लॅपची दांडी यांतले काहीही ‘नीट करून’ ठेवू नये. ट्रिमचा काटा जेथे आहे तेथेच राहू द्यावा, पडद्यावरचे सगळे संदेश पुसण्याआधी त्यांचे छायाचित्र घ्यावे. कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डरचा वीजपुरवठा लगेच बंद करून घ्यावा, कारण अनेक विमानांत तो शेवटचे दोन तासच साठवतो आणि विमान उभे असताना वीज चालू राहिली तर हवेतले बोलणे पुसले जाऊन हँगरमधल्या गप्पा तेवढ्या उरतात. प्रवाशांपैकी कोणाला मुका मार लागला असेल तरी डॉक्टरांना दाखवावे. तीन-चार जीचा झटका बसलेल्या माणसाला पहिल्या तासात काही जाणवत नाही असे होऊ शकते.

आणि टेक्निकल लॉगमध्ये मनापासून लिहावे. ‘ट्रिम चालत नाही’ एवढ्याच नोंदीवरून विमान आमच्याकडे आले, तर जमिनीवर तीस अंश तापमानात, पंखांवर भार नसताना आम्ही यंत्रणा चालवून पाहतो आणि ती बिनतक्रार चालते. उंची किती होती, वेग किती, बाहेरचे तापमान किती, ऑटोपायलट चालू होता का, कोणता संदेश आधी आला आणि कोणता नंतर, ट्रिमचा काटा कोठे थांबला, सोडल्यावर नाक कोणत्या बाजूला गेले, हे सगळे वैमानिकाने त्याच दिवशी स्वतःच्या हाताने लिहिलेले असले की आम्हाला कोणता बॉक्स आधी उघडायचा ते कळते.